गिटच्या ८० वर्षं आधी महाभारताचे मर्ज कॉन्फ्लिक्ट सोडवणारे डॉ. सुकथनकर

गोंदियाहून महाराष्ट्र एक्सप्रेस पकडून पुण्यात आयटीच्या नोकरीला आलेल्या कुठल्याही पोराचा कॉलेजातला लॅपटॉप उघडून बघा. प्रोजेक्ट_फायनल, प्रोजेक्ट_फायनल२, प्रोजेक्ट_आता_खरंच_फायनल अशा फाइल्स हमखास सापडतील. खरी कुठली, ते त्यालाही सांगता येणार नाही. हाच घोळ मिटवायला २००५ साली लिनस टोरवाल्ड्सनं गिट आणलं.

पण फाइल एक लाख श्लोकांची असेल, प्रती शेकडो असतील आणि कॉम्प्युटरच नसेल तर? हे काम अंगावर घेणाऱ्या माणसाचं नाव विष्णु सीताराम सुकथनकर.

जन्म ४ मे १८८७ चा. केंब्रिजला जाऊन शिकले ते गणित. पुढे ओढ लागली संस्कृतची, म्हणून त्यांनी बर्लिन गाठलं आणि हाइनरिश ल्यूडर्स यांच्या हाताखाली अभ्यास केला. भारतात परतल्यावर काही काळ पुरातत्त्व खात्यात नोकरी केली.

तिकडे पुण्याच्या भांडारकर संस्थेत १ एप्रिल १९१९ ला महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचं काम सुरू झालं होतं. अडचण अशी, की महाभारत शतकानुशतकं हातानं उतरवलं गेलं. काश्मीरची शारदा लिपी, नेपाळी, मैथिली, बंगाली, तेलुगू, ग्रंथ, मल्याळम... प्रत्येक ठिकाणी कुणी श्लोक घातले, कुणी बदलले. गिटच्या भाषेत सांगायचं तर उत्तरेची एक ब्रँच, दक्षिणेची दुसरी, त्यांना फुटलेल्या असंख्य फांद्या, आणि बदल कुणी केला याची नोंद कुठेच नाही.

ऑगस्ट १९२५ मध्ये ३८ वर्षांचे सुकथनकर प्रमुख संपादक झाले. पद्धत अशी होती : एका श्लोकाला एक कागद. वरच्या ओळीत प्रचलित पाठ, एकेका चौकोनात एकेक अक्षर. खाली प्रत्येक पोथीतला नेमका फरक. आज आपण एक कमांड मारून जो डिफ बघतो, तो माणसं बसून हातानं काढत होती. एकमेकींशी संबंध नसलेल्या शाखांमध्ये जो पाठ जुळेल तो जुना मानायचा, हा मुख्य नियम.

जिथे खात्री नसेल तिथे त्यांनी शब्दाखाली नागमोडी रेघ मारली. हो, कोड एडिटरमध्ये लाल रंगात दिसते आणि आपण दुर्लक्ष करतो, तशीच!

खरी परीक्षा होती ती लोकांच्या आवडत्या गोष्टींची. व्यास सांगतात आणि गणपती लिहून घेतो, ही कथा आपल्याला लहानपणापासून पाठ. पण अनेक महत्त्वाच्या पोथ्यांमध्ये ती नव्हती. गणपतीवर जीव टाकणाऱ्या पुण्यात बसून सुकथनकरांनी ती मूळ पाठातून बाजूला काढली. डिलीट मात्र केली नाही. परिशिष्टात ठेवली, पोथ्यांच्या हिशोबासकट. त्यांचा निर्णय चुकला असं कुणाला वाटलं, तर तपासायला सगळा पुरावा तिथेच आहे.

१९३३ मध्ये आदिपर्व पूर्ण छापून झालं. त्यानंतर नेपाळमधली आदिपर्वाची एक फार जुनी पोथी हाती आली. ती पडताळली तर सुकथनकरांनी ठरवलेल्या पाठाला तिनं बळकटीच दिली. कोड प्रॉडक्शनमध्ये गेल्यावर नवी टेस्ट आली आणि पास झाली, असं समजा.

१९४२ मध्ये आरण्यकपर्व आलं. पुढच्याच जानेवारीत मुंबई विद्यापीठात महाभारताच्या अर्थावर त्यांची चार व्याख्यानं ठरली. तीन झाली. चौथं देण्याआधीच, २१ जानेवारी १९४३ ला ते गेले. वय अवघं ५५.

प्रोजेक्ट मात्र थांबला नाही. आधी श्रीपाद कृष्ण बेलवलकर, मग प. ल. वैद्य यांनी तो पुढे नेला आणि १९६६ मध्ये सगळी पर्वं पूर्ण झाली. म्हणजे तब्बल ४७ वर्षं. मूळ माणूस गेल्यावरही काम चाललं, कारण प्रत्येक निर्णयामागचं कारण कागदावर होतं.

आणि आपण? कमिट मेसेजमध्ये नुसतं 'फिक्स' लिहून मोकळे होतो.