फटी बुजवणारा फ्रँकलिन, खिडकी उघडणारा फ्रँकलिन

बेंजामिन फ्रँकलिन म्हटले की वादळात उडवलेला पतंग आठवतो. विजेवरचे त्याचे महत्त्वाचे प्रयोग दहाएक वर्षांत आटोपले. पण हिवाळ्यात घर ऊबदार कसे ठेवायचे, या साध्या वाटणाऱ्या प्रश्नाने चाळीस वर्षांहून अधिक काळ त्याची पाठ सोडली नाही. या काळात त्याच्या शेगड्या तर बदलल्याच. सर्दी कशाने होते याबद्दलचे त्याचे मतही पार उलटे झाले.

1706 मध्ये बोस्टनला साबण-मेणबत्त्या बनवणाऱ्याच्या घरी तो जन्मला. शाळा जेमतेम दोन वर्षे. थोरल्या भावाच्या छापखान्यात उमेदवारी केली, सतराव्या वर्षी तिथून पळाला आणि फिलाडेल्फियात पुढे स्वतःचा छापखाना थाटला. तिथला हिवाळा कडक. घरात ऊब मिळायची ती भिंतीतल्या उघड्या, ऐसपैस चुलाण्यातून. त्यातली गोम अशी की आगीने तापलेली हवा हलकी होऊन धुराड्यातून वर निघून जाते आणि तिची जागा घ्यायला दाराखिडक्यांच्या फटींतून बाहेरची गार हवा आत घुसते. जाळ जितका मोठा, तितका फटींतला झोत जोरदार. माणसे समोरून भाजत आणि पाठीकडून गारठत. फटी बुजवाव्यात, तर धुराड्याला हवा पुरत नाही आणि धूर खोलीतच कोंडतो.

सरपणही महाग होत चालले होते. एके काळी दाराशी मिळणारे लाकूड काही गावांना शंभर मैलांवरून आणावे लागत होते. यावर फ्रँकलिनने 1740च्या सुमारास एक लोखंडी शेगडी तयार केली आणि 1744 मध्ये तिची माहिती देणारी पुस्तिका स्वतःच छापली. जाळामागे एक पोकळ लोखंडी पेटी होती. धूर तिच्या वरून जाऊन मागच्या बाजूने खाली उतरे आणि मग धुराड्यात शिरे. जाता जाता पेटी तापवून जाई. बाहेरची हवा जमिनीखालच्या वाटेने या पेटीत येई, आतल्या नागमोडी मार्गाने गरम होई आणि खोलीत सुटे. म्हणजे हवा बाहेरचीच, पण गार झोताऐवजी ऊब घेऊन येणारी.

त्या पुस्तिकेतला फ्रँकलिन वाऱ्याला भिणारा आहे. फटींतल्या झोतामुळे पडसे होते, घरात बसून असणाऱ्या बायकांचे दात-हिरड्या त्यानेच बिघडतात, असे तो ठासून सांगतो. स्वतःच्या घरातल्या फटीही तो कसोशीने बुजवत असे. वसाहतीच्या गव्हर्नरने त्याला शेगडीचे पेटंट देऊ केले, तेव्हा त्याने ते नाकारले. आपण इतरांच्या शोधांचा फायदा घेतो, तसा आपल्या शोधाचा इतरांना फुकट व्हावा, असे त्याचे म्हणणे होते. लंडनमधल्या एका लोखंडी सामानाच्या व्यापाऱ्याने किरकोळ फेरफार करून तिथे पेटंट घेतले आणि पैसाही केला.

1757 मध्ये वसाहतीचा प्रतिनिधी म्हणून फ्रँकलिन लंडनला गेला आणि क्रेव्हन स्ट्रीटवरच्या एका घरात भाड्याने राहू लागला. इथे लाकूड नव्हे, दगडी कोळसा जळत होता. सारे शहर म्हणजे धुराने भरलेले एक मोठे घर वाटावे, अशी त्याची तक्रार होती. पुढच्याच वर्षी त्याने आपल्या खोलीच्या धुराड्यात सरकता लोखंडी पत्रा बसवला. आग चांगली पेटली की पत्रा सरकवून धुराला दोनेक इंचांचीच वाट ठेवायची. त्यामुळे खोलीतली गरम हवा वाया जाईना, फटींतला झोत मंदावला आणि कोळसाही वाचला.

या युक्तीत एक धोका होता. धगधगत्या कोळशावर धुराड्याची वाट फार आवळली, तर कार्बन मोनॉक्साइड खोलीत साचू शकतो. त्याला ना रंग ना वास, आणि रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट धरतो. हा वायू कार्बन आणि ऑक्सिजनचा बनलेला आहे हे विल्यम क्रुकशँकने दाखवले ते 1800 मध्ये, फ्रँकलिनच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी. उत्तर भारतात आजही बंद खोलीत कोळशाची शेगडी पेटती ठेवून झोपलेली माणसे हिवाळ्यात याच वायूने दगावतात.

1771 मध्ये त्याने खास दगडी कोळशासाठी शेगडी केली. ती दिसायला शोभेच्या कलशासारखी होती, पण तिच्यात ज्वाळा उलट, खालच्या दिशेने ओढली जाई. वरून आलेली हवा धुरासह लालभडक निखाऱ्यांतून खाली जाई आणि धूर तिथेच जळून जाई. काजळी कमी, उष्णता जास्त. लंडनमध्ये त्याने ती तीन हिवाळे वापरली. मात्र ती सतत लक्ष मागणारी होती. खोलीत बसून वाचणाऱ्या आणि आपली आग आपणच सांभाळण्यात मजा वाटणाऱ्या माणसासाठी ती उत्तम, हे त्याने स्वतःच लिहून ठेवले. थोडक्यात, त्याच्यासारख्यासाठीच.

याच लंडनमध्ये त्याची वाऱ्याची भीती गेली. सकाळी उठून तो अर्धा-एक तास उघड्या अंगाने खोलीत लिहीत-वाचत बसे आणि त्याला हवेचे स्नान म्हणे. कडाक्याच्या थंडीतल्या प्रवासाने किंवा तासन् तास नदीत पोहण्याने आपल्याला कधी सर्दी झाली नाही, हे त्याच्या ध्यानात आले होते. मग सर्दी येते कुठून? 1773 मध्ये डॉक्टर बेंजामिन रश यांना लिहिताना त्याने निष्कर्ष मांडला: बंद खोल्यांत, घोडागाड्यांत माणसे जवळजवळ बसतात, एकमेकांचा श्वास घेतात, त्यातून ती पसरते. विषाणूंची कल्पनाही नसलेल्या काळात हे अनुमान अचूक होते. कारणमीमांसा मात्र फसलेली होती. शरीरातून बाहेर पडणारी द्रव्ये हवा नासवतात, असे त्याला वाटे. अतिखाणे आणि व्यायामाचा अभाव यांनाही तो दोष देई.

सप्टेंबर 1776 मध्ये ब्रिटिशांशी बोलणी करायला जाताना न्यू ब्रन्सविकच्या खाणावळीत त्याला आणि जॉन ॲडम्स यांना एकच खोली आणि एकच पलंग मिळाला. रात्रीच्या हवेला घाबरून ॲडम्स यांनी खिडकी लावली. सत्तरीच्या फ्रँकलिनने ती उघडायला लावली आणि अंथरुणात पडल्या पडल्या सर्दीचा सिद्धांत समजावायला सुरुवात केली. तो ऐकता ऐकता ॲडम्स झोपी गेले.

1785 मध्ये फ्रान्सहून मायदेशी परतताना, एकोणऐंशीव्या वर्षी, त्याने जहाजावरच धुरकट धुराड्यांवर आणि कोळशाच्या शेगडीवर लेख लिहून काढले. धुराड्यांवरचा लेख डॉक्टर इंगेनहाउझ यांना पत्ररूपाने लिहिलेला होता. वनस्पती उजेडात हवा शुद्ध करतात हे दाखवणारे ते हेच. ताज्या हवेची भीती हा आपला जुना गैरसमज होता आणि आता आपण खिडकी उघडी ठेवून झोपतो, अशी कबुली त्यात आहे.

17 एप्रिल 1790 रोजी, वयाच्या चौऱ्याऐंशीव्या वर्षी, फुप्फुसाच्या विकाराने तो गेला. त्याची मूळ शेगडी नीट तापल्याशिवाय धूर ओढत नसे, म्हणून इतरांनी तिचा खाली वळणारा मार्ग काढून टाकला. आज फ्रँकलिन स्टोव्ह या नावाने ओळखल्या जाणाऱ्या बहुतेक शेगड्यांत धूर सरळ वरच जातो.