किब्ल्याच्या शोधातील काटकोन

आपण दिवसातून पाच वेळा किब्ल्याकडे तोंड करून उभे राहतो. ती दिशा आपल्याला आयती मिळते. मात्र ती अचूक ठरविण्यासाठी आपल्या पूर्वसूरींनी किती परिश्रम घेतले, याचा विचार आपण क्वचितच करतो. अबू रैहान अल-बिरूनी (रह.) हे त्यांपैकीच एक.

त्यांचा जन्म ९७३ मध्ये ख्वारिज्म प्रांतात झाला. १०१७ मध्ये सुलतान महमूद गझनवीने तो प्रांत जिंकला आणि बिरूनींना मायभूमी सोडून गझनीला जावे लागले. त्या पराधीन अवस्थेतही त्यांनी हाती घेतलेला प्रश्न इबादतीचा होता: गझनीहून मक्केची नेमकी दिशा कोणती? त्यासाठी शहरांमधील अंतरे पृथ्वीगोलावरील अंशांत बदलावी लागतात, आणि त्याकरिता पृथ्वीचे माप हवे.

खलिफा मामूनच्या काळात विद्वानांनी वाळवंट तुडवून एका अंशाचे अंतर मोजले होते. बिरूनींनीही पूर्वी जुर्जानच्या बाजूस तसा प्रयत्न केला होता. परंतु साहाय्याअभावी तो अपुरा राहिला. पुढे पंजाबातील नंदना किल्ल्याजवळ, सपाट मैदानालगत उभा असलेला डोंगर त्यांना दिसला. त्यांनी त्याची उंची मोजली. ती सुमारे ६५२ हात भरली. मग ते शिखरावरून क्षितिज पाहू लागले.

आपणही कागदावर एक वर्तुळ काढा. वर्तुळ म्हणजे पृथ्वी, बाहेरचा बिंदू म्हणजे शिखर. तेथून काढलेली स्पर्शिका ही क्षितिजाला भिडणारी नजर होय. स्पर्शबिंदू केंद्राशी जोडा. आपली मुले दहावीत शिकतात त्याप्रमाणे त्रिज्या व स्पर्शिका यांच्यात काटकोन होतो. या काटकोन त्रिकोणाची एक बाजू त्रिज्या, तर कर्ण म्हणजे त्रिज्या अधिक डोंगराची उंची. नजर आडव्या रेषेखाली जितकी झुकते, तितकाच कोन केंद्रापाशी होतो. बिरूनींना तो ३४ मिनिटे, म्हणजे अर्ध्या अंशाहून किंचित अधिक आढळला. एक कोन आणि एक उंची एवढ्यावरून त्यांनी पृथ्वीची त्रिज्या सुमारे १ कोटी २८ लाख हात काढली. वाळवंट तुडविण्याची गरज उरली नाही. १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या आपल्या ग्रंथात त्यांनी ही रीत नोंदवून ठेवली.

वाचकहो, गणिताला दीनपासून वेगळे मानणाऱ्यांनी या जीवनाकडे पाहावे. आज आपले मूल भूमितीचे पुस्तक उघडून बसले असेल, तर त्याला हा डोंगर अवश्य दाखवा. नमाजेची दिशा शोधणाऱ्या एका मोमिनाने तोच काटकोन हाती धरून अवघी पृथ्वी मोजली होती.