पंच जॉन डॅलस

विलायतेंत व न्यू झीलंड देशांत रग्बी नांवाचा चेंडूचा खेळ फार लोकप्रिय आहे. त्या खेळाच्या इतिहासांत जॉन ड्यूअर डॅलस ह्यांचें नांव एका क्षणांत दिलेल्या निर्णयामुळें कायमचें राहिलें आहे.

डॅलस ह्यांचा जन्म स्कॉटलंडांत १८७८ सालीं झाला. एडिंबरो येथील जॉर्ज वॉटसन विद्यालयांत त्यांचें शिक्षण झालें, व त्याच विद्यालयाच्या माजी विद्यार्थ्यांच्या संघांतून ते खेळूं लागले. १९०३ सालीं इंग्लंडविरुद्ध स्वदेशाकडून खेळण्याचा मान त्यांस एकदांच मिळाला. तो सामना स्कॉटलंडनें जिंकिला. पुढें ते पंचाचें काम करूं लागले.

ह्या खेळांत प्रत्येक पक्षाचे १५ गडी असतात. लांबट चेंडू हातीं घेऊन धांवावयाचें, आणि प्रतिपक्षाच्या रेषेवर किंवा तिच्या पलीकडे तो जमिनीस टेकवावयाचा, अशी रीत आहे. त्या काळीं असें केल्यास ३ गुण मिळत.

१९०५ सालीं न्यू झीलंडचा संघ विलायतेस आला व एकामागून एक सामने जिंकीत चालला. ता. १६ डिसेंबर रोजीं कार्डिफ येथें वेल्सशीं त्याची गांठ पडली. पंच कोण असावा ह्याविषयीं उभय पक्षांचें एकमत होईना. तेव्हां स्कॉटलंडच्या मंडळानें डॅलस ह्यांस नेमिलें. त्यांचें वय अवघें २७ वर्षांचें होतें, म्हणजे न्यू झीलंडच्या कप्तानाहूनही लहान.

वेल्सचे ३ गुण झाले होते, प्रतिपक्षाचा एकही नव्हता. इतक्यांत बॉब डीन्स नांवाचा न्यू झीलंडचा तरुण गडी चेंडू घेऊन रेषेपर्यंत धांवला, आणि वेल्सच्या गड्यांनीं त्यास धरून पाडिलें. डॅलस मागून धांवत आले, आणि चेंडू रेषेच्या अलीकडेच टेकला आहे असें पाहून त्यांनीं गुण दिले नाहींत. सामना वेल्सनें जिंकिला. त्या दौऱ्यांतील ३५ सामन्यांपैकीं न्यू झीलंडचा हा एकच पराभव होय.

मग मोठा गहजब झाला. आपण चेंडू रेषेपलीकडेच टेकविला होता, परंतु पंच येण्यापूर्वीं आपणांस मागें ओढिलें, असें डीन्सनें कळविलें. पंचांचे बूट मैदानास योग्य नव्हते, म्हणून ते मागें पडले, अशीही तक्रार झाली. डॅलस ह्यांनीं आपली बाजू लेखी मांडिली. चेंडू रेषेपासून सहा ते बारा इंच अलीकडे होता, निर्णय देतांना आपल्या मनांत कांहींच शंका नव्हती, आणि त्याविषयीं वाद आहे हें आपणांस मैदान सोडल्यावर कळलें, असें त्यांनीं सांगितलें. ह्यापलीकडे त्यांनीं कोणासही दोष दिला नाहीं.

खुद्द वेल्सच्या गड्यांतही ह्याविषयीं एकमत झालें नाहीं. डीन्सला धरणारा गेब म्हणे कीं, तो पुढें सरकण्याची धडपड करीत होता, अर्थात् रेषेस पोंचला नव्हता. परंतु त्यांचाच सोबती मॉर्गन ह्यानें पुढें १९२४ सालीं डीन्सचें म्हणणें खरें ठरविलें. डीन्स तर १९०८ सालींच, वयाच्या चोविसाव्या वर्षीं, वारला.

एवढ्या टीकेनंतरही डॅलस ह्यांजवरील विश्वास उडाला नाहीं. ते पुढेंही कांहीं वर्षें देशादेशांतील सामन्यांचे पंच होत राहिले. ते धंद्यानें वकील होते. कालांतरानें ते अॅबर्डीन येथें शेरीफ, म्हणजे न्यायाधीश, झाले. १९४२ सालीं त्यांचें निधन झालें.

चेंडू कोठें टेकला, हें आज कोणीही निश्चित सांगूं शकत नाहीं. ज्यास निवाडा करावयाचा असतो त्यास सर्वांचें समाधान करितां येत नाहीं, मग तो मैदानावर असो कीं गांवच्या चावडीवर. डोळ्यांस जें दिसलें तें लोकांच्या भीडेनें न बदलतां सांगणें, एवढेंच त्याच्या हातीं असतें. आणि तें डॅलस ह्यांनीं केलें.