मताचा हक्क मिळवून देणारे बाबासाहेब स्वतः दोनदा हरले, तरी मतावरचा विश्वास सोडला नाही

निवडणूक जवळ आली की चंद्रपूर-गडचिरोलीच्या वस्त्यांमध्ये एक वाक्य हमखास ऐकू येते: मत देऊन काय फरक पडतो? काही गावे रस्त्यासाठी बहिष्काराचा ठराव करतात, काही तरुण रांगेत उभेच राहत नाहीत. त्यांचा राग खोटा आहे, असे आम्ही म्हणणार नाही. पण हे मत आपल्यापर्यंत कसे आले, हे समजून घेण्यासाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे आयुष्य मतपेटीच्या बाजूने एकदा वाचले पाहिजे.

14 एप्रिल 1891 रोजी महू येथे बाबासाहेबांचा जन्म झाला, तेव्हा या देशात सामान्य माणसाला मत नव्हते. जानेवारी 1919 मध्ये मताधिकाराची चौकशी करणारी साउथबरो समिती मुंबईत आली. सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापक असलेले सत्तावीस वर्षांचे बाबासाहेब समितीपुढे साक्षीला उभे राहिले. मालमत्तेची अट घातली तर अस्पृश्य मतदार यादीत येणारच नाहीत, हे त्यांनी मांडले. ज्याला जमीन घेऊ दिली जात नाही, त्याच्याकडे जमिनीचा पुरावा मागायचा, असा तो न्याय होता. त्याच वर्षीच्या कायद्याने जेमतेम तीन टक्के लोकांना मत दिले. 1927 मध्ये बाबासाहेब मुंबई विधिमंडळात गेले ते निवडून नव्हे, सरकारनियुक्त सभासद म्हणून. निवडून देणारा समाज मतदार यादीबाहेरच होता.

1928 मध्ये सायमन कमिशनपुढे त्यांनी प्रौढ मताधिकाराची मागणी केली. निरक्षर माणसाला मत कशाला, असा प्रश्न तेव्हा मोठमोठे पुढारी विचारत होते. बाबासाहेबांची भूमिका उलट होती. ज्याच्या पोटावर आणि मानेवर अन्यायाचा भार आहे, त्याला आपले हित कळायला शाळेच्या दाखल्याची गरज नाही. पुढे गोलमेज परिषदेत आणि 1932 च्या लोथियन मताधिकार समितीत ते या प्रश्नासाठी झगडले. त्याच वर्षी 24 सप्टेंबरला पुणे करार झाला. स्वतंत्र मतदारसंघ गेले, राखीव जागा आल्या, पण त्या जागांवर कोण बसणार हे सर्वांच्या मतांनी ठरू लागले.

आमच्या जंगलपट्ट्याची गोष्ट तर आणखी वेगळी होती. 1935 च्या कायद्यानुसार अहेरी जमीनदारी आणि गडचिरोली तहसिलातील अनेक जमीनदाऱ्या अंशतः वगळलेल्या क्षेत्रात टाकल्या होत्या. प्रांतिक विधिमंडळाचे कायदे इथे आपोआप लागू होत नसत, ते गव्हर्नरच्या हुकुमावर अवलंबून असे. आज ज्या भागात मतदान पथके हेलिकॉप्टरने उतरतात, त्या भागातल्या माणसाचा आवाज तेव्हा मोजलाच जात नव्हता.

26 नोव्हेंबर 1949 रोजी संविधान स्वीकारले गेले. त्यातील कलम 326 ने जात, धर्म, लिंग, मालमत्ता, शिक्षण यांच्या भिंती पाडून प्रत्येक प्रौढाला मत दिले. तेव्हा वयाची अट 21 होती, पुढे ती 18 झाली. राजकारणात समता आली तरी समाजात आणि अर्थकारणात विषमता राहिली, तर ही इमारत धोक्यात येईल, असा इशाराही बाबासाहेबांनी आदल्याच दिवशी संविधान सभेत दिला.

आणि मग पहिली निवडणूक आली. जानेवारी 1952 मध्ये उत्तर मुंबई मतदारसंघात काँग्रेसच्या नारायण काजरोळकरांनी त्यांना सुमारे साडेचौदा हजार मतांनी हरवले. 1954 मध्ये ते आमच्या शेजारच्या भंडाऱ्यातून पोटनिवडणुकीला उभे राहिले. तिथेही काँग्रेसच्या भाऊराव बोरकरांकडून आठ हजारांहून थोड्या अधिक मतांनी हरले. ज्यांनी कोट्यवधी लोकांना मत मिळवून दिले, त्यांना एकदाही लोकसभेत जाता आले नाही.

त्यांच्या जागी दुसरा कोणी असता तर मतपेटीला शिव्या देत घरी बसला असता. बाबासाहेब राज्यसभेत काम करत राहिले आणि नव्या पक्षाची आखणी करू लागले. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपूरला धम्मदीक्षा झाली. 16 ऑक्टोबरला ते चांद्याला आले. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयारी केलेल्या त्या सोहळ्यात इथल्या लोकांनी बुद्धाचा मार्ग स्वीकारला. दोन महिन्यांच्या आत, 6 डिसेंबरला, बाबासाहेबांचे महापरिनिर्वाण झाले. त्यांनी योजलेला रिपब्लिकन पक्ष 3 ऑक्टोबर 1957 रोजी स्थापन झाला आणि चांद्याचेच राजाभाऊ पुढे राज्यसभेचे उपसभापती झाले.

दरवर्षी ऑक्टोबरमध्ये आपण चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जातो. त्या रांगेत तासन्‌तास उभे राहणारे पाय मतदानाच्या रांगेत का थकावेत? भंडाऱ्याचा पराभव काही हजार मतांचा होता. तेवढी माणसे आजही मिरची तोडायला तेलंगणात गेल्यामुळे, यादीत नाव नसल्यामुळे किंवा आदल्या रात्रीच्या बाटलीमुळे आणि पाचशेच्या नोटेमुळे हातची जातात. मत विकणे म्हणजे 1919 पासूनची ती सगळी लढाई एका नोटेत मोडणे.

तेव्हा कार्यकर्त्यांनो, भाषणे थोडी कमी करू, यादी जास्त वाचू. आपल्या विहाराच्या परिसरातील प्रत्येक घराचे नाव यादीत आहे का ते आताच पाहू. अठरा पूर्ण झालेल्या मुलामुलींचा सहा नंबरचा फॉर्म भरून घेऊ. कामाला बाहेर गेलेल्यांना मतदानाची तारीख वेळेत कळवू. म्हाताऱ्या आजीला केंद्रापर्यंत नेऊ, पण मत कोणाला द्यायचे ते तिचे तिलाच ठरवू देऊ. रस्ता, वनहक्काचा पट्टा, दवाखाना यांबद्दल उमेदवाराला गावात उभे करून प्रश्न विचारू. बहिष्काराने उमेदवाराचे एक मतही कमी होत नाही, आपलेच तेवढे कमी होते.

बाबासाहेब हरले, पण त्यांनी मैदान सोडले नाही. आपणही सोडायचे नाही.

जय भीम! नमो बुद्धाय!