तीन पिढ्यांना एका ओवीत गुंफणारे फादर थॉमस स्टीफन्स

गोव्यातील साष्टी प्रांतातले एक चर्च. रविवारचा दिवस. लहान मुले धर्मशिक्षणाचे पाठ म्हणून दाखवीत आहेत आणि पाद्री-गुरू ते ऐकत आहेत. तेवढ्यात एक ब्राह्मण गृहस्थ पुढे येऊन नम्रपणे विचारणा करतो. आमची जुनी पुराणे वाचण्यास तुम्ही मनाई केलीत, मग त्यांच्या जागी आम्ही वाचावे असे एखादे पुराण आम्हांला का देत नाही, असा त्याच्या बोलण्याचा आशय आहे. हा प्रसंग ‘ख्रिस्तपुराणा’च्या आरंभी येतो. मुलांना पाठ मिळाले होते, पण वडीलधाऱ्यांच्या ओठांवरचे मात्र काढून घेतले गेले होते. ती पोकळी ओळखणारे धर्मगुरू म्हणजे फादर थॉमस स्टीफन्स.

त्यांचा जन्म १५४९ च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशायर परगण्यात झाला. त्या काळी इंग्लंडमध्ये कॅथोलिकांचा छळ होत होता. मायदेश सोडून ते रोमला गेले आणि १५७५ मध्ये येशूसंघात दाखल झाले. एप्रिल १५७९ मध्ये लिस्बनहून निघून २४ ऑक्टोबर १५७९ रोजी ते गोव्यास पोहोचले. पुढची सुमारे चाळीस वर्षे त्यांनी मुख्यतः साष्टीतच सेवा केली. रायतूर येथील येशूसंघीय महाविद्यालयाचे ते प्रमुखही होते. परक्या मुलुखातून आलेल्या या धर्मगुरूने कोकणी आणि मराठी या दोन्ही भाषा मनापासून आत्मसात केल्या. कोकणीत त्यांनी धर्मशिक्षणाचे पुस्तक व व्याकरण लिहिले. ही दोन्ही पुस्तके त्यांच्या मृत्यूनंतर, अनुक्रमे १६२२ व १६४० मध्ये, रायतूर येथे छापली गेली.

‘ख्रिस्तपुराणा’साठी मात्र त्यांनी मराठी ओवी निवडली. तिची तीन चरणांची यमके आणि आखूड चौथा चरण कानाला धरून ठेवतात. जिला अक्षरओळख नाही अशा आजीलाही ती ऐकून पाठ होते आणि नातवंडाला तिच्या मांडीवर बसूनच शिकता येते. फादर स्टीफन्स यांनी जुन्या करारासाठी ४,१८१ आणि नव्या करारासाठी ६,७८१ अशा एकूण १०,९६२ ओव्या रचल्या. स्वर्गाला त्यांनी लोकांच्या परिचयाचा ‘वैकुंठ’ हा शब्द वापरला. हा ग्रंथ १६१६ मध्ये रायतूर येथे रोमन लिपीत छापला गेला. सण-रविवारी चर्चमध्ये त्याचे वाचन होऊ लागले. मुलांचे पाठ आणि थोरांचे पुराण आता एकाच छपराखाली ऐकू येऊ लागले. १६१९ मध्ये, वयाच्या सत्तरीच्या सुमारास, फादर स्टीफन्स प्रभूच्या घरी गेले.

त्यांच्या पश्चात १६४९ व १६५४ मध्ये ग्रंथाची पुन्हा छपाई झाली. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सरकारने स्थानिक भाषेच्या वापराविरुद्ध फर्मान काढले. जुन्या छापील प्रतींपैकी एकही आज उपलब्ध नाही. तरीही पुराण टिकले, कारण श्रद्धावंतांनी ते हाताने उतरवून घेतले, मुलाबाळांच्या स्वाधीन केले आणि गोवा सोडून कॅनरा प्रदेशात जातानाही सोबत नेले. अशा हस्तलिखितांच्या आधारेच १९०७ मध्ये मंगळूर येथे जोसेफ साल्ढाणा यांनी त्याची नवी आवृत्ती काढली. १९५६ मध्ये शांताराम बंडेलू यांनी ते देवनागरीत आणले. छापखान्याने जे गमावले, ते कुटुंबांनी राखले.

प्रिय बंधुभगिनींनो, आज आपल्या अनेक घरांत आजी मराठीत जपमाळ म्हणते आणि नातवंडे इंग्रजीत प्रार्थना करतात. दोन्ही प्रार्थना प्रभूपर्यंत पोहोचतात यात शंका नाही. पण त्या एकमेकींपर्यंत पोहोचतात का? फादर स्टीफन्स यांनी लहानांचे पाठ थांबवले नाहीत आणि थोरांना मागे सोडले नाही. दोघांना एकत्र म्हणता येईल असे काहीतरी देण्यासाठी त्यांनी परकी भाषा आपली केली. आज रात्री जपमाळेचे निदान एक दशक आजी-आजोबांच्या भाषेत आणि पुढचे नातवंडांच्या भाषेत, पण सर्वांनी मिळून म्हणावे. या थोर धर्मगुरूच्या स्मृतीला तेच खरे वंदन ठरेल.