जॉर्ज सायमन ओहम : ट्रॅक्टरच्या बॅटरी केबलचे गणित मांडणारा शिक्षक

जुन्या ट्रॅक्टरचा सेल्फ नुसता टक् वाजतो आणि इंजिन फिरत नाही, तेव्हा आपण आधी बॅटरी बदलतो, मग सेल्फ खोलतो. या दोघांना जोडणाऱ्या केबलकडे लक्ष जाते ते शेवटी. तार विजेला किती अडवते, हे सुमारे २०० वर्षांपूर्वी एका शाळाशिक्षकाने मोजून दाखवले. त्यांचे नाव जॉर्ज सायमन ओहम. त्यांचा नियम तुम्ही शाळेत शिकला असाल. तो केबल निवडताना थेट उपयोगी पडतो.

कारागिराचा मुलगा

ओहम यांचा जन्म १६ मार्च १७८९ रोजी जर्मनीतील एर्लांगन या गावी झाला. वडील कुलुपे बनवणारे कारागीर. त्यांचे शालेय शिक्षण नव्हते, पण स्वतः अभ्यास करून त्यांनी मुलांना घरीच गणित आणि विज्ञान शिकवले. ओहम दहा वर्षांचे असताना आई वारली. पुढे विद्यापीठात गेल्यावर मुलगा अभ्यासापेक्षा खेळात रमतो म्हणून वडील नाराज झाले आणि शिक्षण मध्येच सुटले. ओहम यांनी स्वित्झर्लंडमध्ये गणित शिकवले, परत येऊन १८११ मध्ये डॉक्टरेट मिळवली आणि पुन्हा शिक्षकी पेशा धरला.

आठ तांब्याच्या तारा

१८१७ मध्ये ते कोलोन शहरातील शाळेत रुजू झाले. तिथे चांगली प्रयोगशाळा होती. त्यांनी एकाच जाडीच्या, पण वेगवेगळ्या लांबीच्या आठ तांब्याच्या तारा घेतल्या आणि प्रत्येकीतून किती करंट जातो ते मोजले. अडचण एकच होती : त्या काळच्या बॅटरीचा दाब प्रयोग चालू असतानाच बदलायचा, त्यामुळे मापे चुकत. मग त्यांनी बॅटरीच बाजूला ठेवली. दोन वेगळ्या धातूंचे सांधे करून एक उकळत्या पाण्यात आणि दुसरा बर्फात ठेवला. त्यातून स्थिर दाब मिळाला आणि मापे जुळली.

यातला धडा तुमच्याही कामाचा आहे : केबल तपासण्याआधी बॅटरी पूर्ण चार्ज करा. कमजोर बॅटरीवर केलेली तपासणी फसवते.

नियम खरा, पण कदर उशिरा

१८२७ मध्ये त्यांनी हे सर्व पुस्तकात मांडले. तार जितकी लांब तितका अडथळा जास्त, जितकी जाड तितका कमी. आणि करंट गुणिले अडथळा म्हणजे वाटेत खर्च होणारे व्होल्ट. जर्मनीतील अनेक विद्वानांना हे पटले नाही. विद्यापीठातील जागेची आशा फोल ठरली, कोलोनची नोकरीही सुटली आणि पुढची काही वर्षे ओढाताणीत गेली. १८३३ मध्ये त्यांना न्यूरेंबर्गच्या तंत्रशाळेत काम मिळाले. १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने कोप्ले पदक दिले. म्युनिक विद्यापीठात प्राध्यापकपद मिळाले ते १८५२ मध्ये. ६ जुलै १८५४ रोजी त्यांचे निधन झाले. १८८१ मध्ये पॅरिसच्या परिषदेने अडथळ्याच्या एककाला ओहम हे नाव दिले.

आता तुमचा ट्रॅक्टर

समजा, सेल्फ २५० अँपिअर खेचतो आणि दोन्ही केबल मिळून लांबी २ मीटर आहे. तांब्याच्या केबलमध्ये वाया जाणारे व्होल्ट साधारण असे :

- १६ चौ. मि.मी. : ०.५४ व्होल्ट
- ३५ चौ. मि.मी. : ०.२५ व्होल्ट
- ५० चौ. मि.मी. : ०.१७ व्होल्ट

खरा घात सांध्यात होतो. गंजलेल्या थिंबलचा अडथळा ०.०१ ओहम जरी असला, तरी त्याच करंटला १२ पैकी अडीच व्होल्ट तिथेच जातात. म्हणूनच सेल्फ मारल्यावर खराब सांधा तापतो.

केबल घेताना

- मूळ केबलपेक्षा बारीक केबल घेऊ नका. १२ व्होल्टच्या डिझेल ट्रॅक्टरला किमान ३५ चौ. मि.मी., लांबी जास्त असेल तर ५० घ्या.
- बाहेरचे रबर जाड म्हणजे आतली तार जाड असे नाही. कापलेल्या टोकाकडे पाहा.
- ॲल्युमिनियमचा अडथळा तांब्याच्या सुमारे दीडपट असतो. तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम केबलही बाजारात मिळते. टोक खरवडून आत पांढरे दिसते का पाहा.
- ६ व्होल्टच्या फार जुन्या ट्रॅक्टरला त्याच कामासाठी दुप्पट करंट लागतो, म्हणून केबल आणखी जाड हवी.
- अर्थची केबलही तेवढीच जाड घ्या. चासीवर ती जिथे बसते तिथला रंग आणि गंज घासून काढा.
- काम करताना अर्थची केबल आधी काढा आणि शेवटी जोडा.

ओहम यांच्यासारखे मोजा

गिअर न्यूट्रलला ठेवा, इंजिन सुरू होणार नाही म्हणून स्टॉप नॉब ओढून धरा. मल्टीमीटर डीसी व्होल्टवर लावा. एक टोक बॅटरीच्या चालू बाजूच्या खांबावर, म्हणजे जिथून सेल्फला केबल जाते तिथे, आणि दुसरे सेल्फच्या टर्मिनलवर धरा. सोबत्याला सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त आकडा आला, तर दोष या वाटेत आहे. मग बॅटरीचा अर्थचा खांब आणि सेल्फची बॉडी यांच्यामध्येही असेच मोजा, तिथे ०.३ व्होल्टच्या आत आकडा हवा. नवी बॅटरी घेण्याआधी एवढे दोन आकडे पाहा.