माळरानावरची टीम

फायनल इयरला प्रोजेक्टचे ग्रुप पाडायची वेळ आली की होस्टेलमध्ये एक वेगळंच गणित सुरू होतं. टॉपर कोणाकडे जाणार, रिपोर्ट कोण लिहिणार आणि ज्याचे दोन-तीन विषय राहिलेत त्याला कोण घेणार! शेवटी उरलेल्या मुलांचा एक ग्रुप होतो आणि त्यांच्याकडून कोणाचीच फारशी अपेक्षा नसते. हुशार माणसं गोळा केली की टीम आपोआप चांगली होते, असं आपण सगळेच धरून चालतो. हे कितपत खरं आहे ते बघायचं असेल, तर पुणे-मिरज रेल्वेमार्गावरच्या एका स्टेशनाची आणि ते ज्याच्या नावाने ओळखलं जातं त्या माणसाची गोष्ट वाचायला हवी.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा जन्म २० जून १८६९ रोजी बेळगाव जिल्ह्यातल्या गुर्लहोसूर या गावी झाला. शाळेच्या पुस्तकात लक्ष कमी; चित्रं काढणं आणि यंत्रं खोलून बघणं हे दोनच नाद. चित्रकार व्हायचं म्हणून ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये दाखल झाले. तिथे लक्षात आलं की काही रंग त्यांना नीट ओळखताच येत नाहीत. चित्रकाराला रंगांधळेपणा, म्हणजे सगळंच संपलं! पण रेषेला रंग लागत नाही. लक्ष्मणरावांनी यांत्रिक ड्रॉईंग पक्कं केलं आणि त्याच जोरावर व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये, म्हणजे आजच्या व्हीजेटीआयमध्ये, ते शिकवू लागले. मोकळा वेळ मिळाला की तिथल्या यंत्रांजवळ. पुढे बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून एका अँग्लो-इंडियन माणसाला ती जागा दिली गेली. लक्ष्मणरावांनी राजीनामा दिला आणि बेळगाव गाठलं.

बेळगावात त्यांनी बंधू रामूअण्णांच्या साथीने सायकलींचं दुकान चालवलं. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं आणि १९०३ साली लोखंडी नांगर. पण नांगर घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढतं, अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिला नांगर विकला जायला दोन वर्षं लागली. जरा कुठे बस्तान बसतंय, तोवर गावाच्या विस्तारासाठी नगरपालिकेने कारखान्याची जागा रिकामी करायला सांगितलं. तेव्हा औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी मदतीला आले. त्यांनी कुंडल रोड स्टेशनजवळची ३२ एकर जमीन आणि दहा हजार रुपयांचं बिनव्याजी कर्ज दिलं. १० मार्च १९१० या दिवशी तिथे किर्लोस्करवाडीची सुरुवात झाली.

जमीन कसली, नुसतं माळरान! जिकडे तिकडे निवडुंग, त्यात नागांचा सुळसुळाट आणि पाण्याची बोंब. सोबत आले ते साधारण पंचवीस कामगार आणि त्यांची बायकापोरं.

आता ही टीम बघा. रामूअण्णांकडे वसाहतीची आखणी, बांधकाम आणि कारभार. शंभोराव जांभेकर यंत्रं सांभाळणारे. के. के. कुलकर्णी खरेदी, विक्री आणि पडेल ते काम करणारे. मंगेशराव रेगे हिशेबनीस. अनंतराव फळणीकरांनी तर शाळाच अर्धवट सोडलेली, पण यंत्राच्या बाबतीत डोकं अफाट. आणि रात्रीच्या पहाऱ्यावर कोण? तुकाराम रामोशी आणि पिऱ्या मांग. दोघांच्याही नावावर दरोडेखोरीचा इतिहास. ज्यांच्या भीतीने लोक दाराला कड्या घालायचे, त्यांच्याच भरवशावर अख्खी वाडी झोपायची. आणि तो भरवसा त्यांनी राखला.

आजच्या एखाद्या कंपनीने बायोडेटा बघून यातल्या किती जणांना इंटरव्ह्यूला बोलावलं असतं? लक्ष्मणराव मात्र माणूस काय करू शकतो ते आधी बघत, तेवढं काम त्याच्या हाती देत आणि मग विश्वास टाकत. ही नुसती दयाबुद्धी नव्हती. रंग ओळखता न येणारा माणूस उत्तम ड्रॉईंग काढू शकतो, हे त्यांनी स्वतःवरून पाहिलं होतं. गुण असूनही जन्मावरून डावललं जाणं म्हणजे काय, तेही त्यांनी मुंबईत सोसलं होतं. मला वाटतं, म्हणूनच आपल्या वाडीत त्यांनी तो प्रकार शिरू दिला नाही. अस्पृश्यता पाळायची नाही, हा तिथला नियम होता. १९१० च्या काळात हे सोपं नव्हतं.

अशा टीमची खरी परीक्षा अडचणीत होते. पहिल्या महायुद्धात लोखंड आणि कोळसा मिळेनासा झाला. तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी गडावरच्या जुन्या तोफा दिल्या आणि त्या वितळवून नांगर झाले. भट्टी विझली नाही. १९२० साली किर्लोस्कर ब्रदर्स ही लिमिटेड कंपनी झाली. त्याच वर्षी शंकरराव किर्लोस्करांनी वाडीतून किर्लोस्कर खबर सुरू केलं. पुढे त्याचंच किर्लोस्कर मासिक झालं आणि महाराष्ट्रात घरोघरी पोचलं. म्हणजे नांगर ओतणाऱ्या गावात लिहिणाऱ्यालाही जागा होती! नांगरापाठोपाठ उसाचे चरक आले, भुईमुगाच्या शेंगा फोडायची यंत्रं आली आणि पाण्याचे पंप आले. कुंडल रोड स्टेशनचं नाव बदलून किर्लोस्करवाडी झालं.

२६ सप्टेंबर १९५६ रोजी लक्ष्मणराव गेले. १९६९ साली त्यांच्या जन्मशताब्दीला टपाल खात्याने त्यांचं तिकीट काढलं.

टीमवर्क हा शब्द आपण सेमिनारमध्ये आणि इंटरव्ह्यूच्या तयारीत शंभर वेळा ऐकतो. लक्ष्मणरावांच्या काळात तो शब्द कोणी वापरत नसेल, पण त्यातली अवघड गोष्ट त्यांना जमली होती. आपल्या वाट्याला आलेल्या माणसांत काय आहे ते शोधायचं आणि ते कामाला लावायचं, ही जबाबदारी त्यांनी पुढारी म्हणून स्वतःवर घेतली. ते जमलं नाही तर चूक पुढाऱ्याची, माणसाची नाही.

तेव्हा यंदा ग्रुप पाडताना यादीत शेवटी राहिलेल्या नावाकडे जरा नीट बघा. त्याचे विषय राहिले असतील, पण वर्कशॉपमध्ये बंद पडलेली मोटार त्यानेच चालू केलेली असते. त्याला विचारा, बाबा रे, तुला काय करायला आवडेल? आणि सांगेल ते काम खरंच त्याच्यावर सोपवून बघा.